शाळेची घंटा झालेले अण्णा

अख्ख्या बंगळुरात ‘दोन मिनिटांत पोचतो’ असं आयुष्यात एकदाही न म्हणालेला माणूस एकच, आणि तो आमच्या शाळेत नोकरीला होता. ज्या शहरात बेळ्ळंदूरच्या गर्दीत तासभर अडकलेला माणूस फोनवर छातीठोकपणे ‘आलोच, गल्लीच्या तोंडाशी आहे’ असं सांगतो, त्या शहरात अण्णा शाळेतून निघताना घरी कळवत, “एकेचाळीस मिनिटांनी येतो. पाऊस आला तर त्रेपन्न.” आणि त्यांची बायको त्या हिशेबाने तवा तापत ठेवी. पहिला दोसा उलटायला आणि अण्णांनी चपला काढायला एकच गाठ पडते, असं तिनेच मला एकदा सांगितलं होतं. त्यात कौतुक जास्त होतं की वैताग, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांचं घराणं म्हणे चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि परत जायचं विसरलं. मी लग्न होऊन पुण्याहून आलेली, तेव्हा मराठी ही माझी खाजगी मालमत्ता आहे अशी माझी समजूत होती. अण्णांची मराठी ऐकून ती पहिल्याच दिवशी डळमळली. “स्वल्प थांबा अक्का, विचार करतो,” असं म्हणून ते खरोखरच विचार करत उभे राहिले. मी काय विचारलं होतं? तर “जेवलात का?”

यशवंतपूरच्या बाजारामागच्या गल्लीत आमची शाळा. तिथे मी तिसरीला शिकवते. ऑटिझम असलेली, उशिरा बोलायला लागलेली, बोलताना शब्दावर अडकणारी काही मुलं आमच्याकडे इतर मुलांबरोबरच वर्गात बसतात, आणि त्यांना हात द्यायला अण्णा. त्यांना जिन्याखाली एक खोली दिली होती, पण ते खोलीत बसले तर शपथ. माझ्या वर्गात मागच्या भिंतीशी मुलांच्या मापाची एक खुर्ची होती, तिच्यावर हा सहा फुटी माणूस गुडघे कानांशी घेऊन बसे आणि मी खोटं कधी बोलते याची वाट पाही.

खोटं म्हणजे अण्णांच्या मते खोटं. एकदा पोरांच्या कलकलाटाने वैतागून मी कानडीत ओरडले, “तले तिन्नबेड!” डोकं खाऊ नका. मधली सुट्टी संपता संपता अण्णा आले. “अक्का, आपल्या वर्गातली सिंचना डबा उघडेना. डोकं खायचं नाही म्हणजे नक्की काय काय खायचं नाही, ते तिला समजेना. आत तुमचं डोकं नाही, लेमन राइस आहे, एवढं तिला दाखवून आलो.” ‘एका मिनिटात पाठ करा’, ‘तोंडाला कुलूप लावा’, ‘माझे कान फाटले’, अशी माझी सगळी वाक्यं ते एका वहीत उतरवून ठेवत आणि शनिवारी मला वाचून दाखवत. “या आठवड्यात नऊ. मागच्यापेक्षा दोन कमी. छान चाललंय.” चौदा वर्षं शिकवणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटत असेल, याचा त्यांनी स्वल्पसुद्धा विचार केला नव्हता.

दुसरं खूळ थांबण्याचं. प्रश्न विचारला की उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजायचं, मध्ये बोलायचं नाही. काही मुलांपर्यंत शब्द पोचायला वेळ लागतो, त्यांचं उत्तर निघतं तोवर आपण दुसरा प्रश्न घालून त्यांची वाट बंद करतो, असं त्यांचं म्हणणं. ते मलाही पटलं होतं. पण अण्णा भाजीवालीपुढेही मोजत. “कोथिंबीर ताजी आहे का?” एवढं विचारून ते पाठीमागे हात बांधून तिच्याकडे पाहत राहिले की ती बिचारी घाबरे. पहिल्यांदा “ताजी आहे” म्हणे, मग “सकाळची आहे” म्हणे, आणि अण्णांचं मोजून होईपर्यंत स्वतःहून आणखी एक जुडी पिशवीत टाकून मोकळी होई. अण्णांना यातलं काही कळत नसे. बाई फार मनमोकळी आहे, असं त्यांचं मत होतं.

आता सिंचनाचं सांगते. आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, तोंडाने जवळजवळ काही बोलत नसे. आणि पळे. दिवसातून तीनचारदा ती अचानक बाकावरून उठून सुसाट दाराबाहेर, जिन्यावरून खाली, एकदा तर फाटकाबाहेर थेट टेम्पोंच्या गर्दीत. मी तिला उचलूनच परत आणलं. प्रिन्सिपॉल बाईंनी तिच्या आईला बोलावलं. आई बाजारात फुलं विकते. ती खुर्चीवर बसलीच नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, “ही तिसरी शाळा आहे, मॅडम. चौथी कुठे शोधू?” प्रिन्सिपॉल बाई वाईट नव्हेत, पण त्यांच्या डोळ्यांसमोर ते टेम्पो होते. महिनाअखेरपर्यंत पाहू, एवढंच त्या म्हणाल्या. त्याचा अर्थ आईला कळला.

दुसऱ्या दिवशी अण्णा वही घेऊन ऑफिसात गेले, बरोबर मलाही नेलं. “अक्का,” ते म्हणाले. प्रिन्सिपॉल बाईंना अक्का म्हणणारे शाळेत तेवढे एकच. “ती घंटेमुळे पळते.” शाळेची ती विजेची घंटा नेमकी आमच्या वर्गाच्या दारावर होती. वाजली की दात हलत.

“पण ती घंटा व्हायच्या आधी पळते,” प्रिन्सिपॉल बाई म्हणाल्या. “मी स्वतः पाहिलंय.”

“दोन मिनिटं आधी. प्रत्येक वेळी, भिंतीवरचं घड्याळ बघून. लिहून ठेवलंय.” अण्णांनी वही पुढे केली. “आता कानाखाली बसणार हे ठाऊक असेल तर अक्का, तुम्ही बसेपर्यंत थांबाल का?”

मग प्रिन्सिपॉल बाईंनी रास्त प्रश्न काढला. घंटा बंद केली तर सहाशे मुलांची शाळा चालायची कशी? अण्णांनी, मला वाटतं, दहापर्यंत मोजलं आणि म्हणाले, “मी होतो घंटा.”

एक आठवडा मिळाला. एकही तास उशिरा सुटला तर घंटा परत सुरू, अशी अट. सोमवारपासून अठ्ठावन्न वर्षांचा हा गृहस्थ गळ्यात चित्रांच्या पाट्या अडकवून शाळाभर फिरू लागला. तास संपला की वर्गाच्या दारात उभं राहायचं, पुढच्या तासाची पाटी दाखवायची, पुढच्या दाराला जायचं. गणिताची पाटी, डब्याची पाटी, खेळाची पाटी. चौदा वर्ग, दोन मजले, जिन्याच्या सव्वीस पायऱ्या. कुठल्या वर्गाला आधी सोडायचं, कुणाला नंतर, याचा त्यांनी कागदावर असा तक्ता केला होता की रेल्वेवाल्यांनी पायाशी बसून शिकावा. आम्ही शिक्षक खो खो हसलो. पी.टी.चे सर त्यांना हाक मारत, “ट्रिंग अण्णा!” अण्णा गंभीरपणे थांबून सांगत, “मी आवाज करत नाही, सर. तोच तर मुद्दा आहे.” पण मंगळवार, बुधवार गेला आणि सिंचना एकदाही पळाली नाही. हसणारे हळूहळू गप्प झाले.

गुरुवारी दुपारी वरच्या मजल्यावर कुणी आलंच नाही. एक मिनिट गेलं, तीन गेली, चार गेली. वर्ग चुळबुळायला लागले. प्रिन्सिपॉल बाई घड्याळ बघत तरातरा जिन्याकडे निघाल्या, त्यांच्या मागे जीव मुठीत धरून मी. अण्णा अर्ध्या जिन्यात खाली बसले होते. समोर पहिलीतली एक चिमुरडी, जी शब्दावर अडकते म्हणून वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हती. ती त्यांना काहीतरी सांगत होती. “म-म-म-मांजरीला...” आणि अण्णा, ज्यांच्या सगळ्या आठवड्यावर त्या चार मिनिटांनी पाणी पडत होतं ते अण्णा, हनुवटीवर हात ठेवून ऐकत होते. घाई नाही, घड्याळाकडे नजर नाही. प्रिन्सिपॉल बाईंनी घड्याळाचा हात खाली घेतला. मांजरीला चार पिल्लं झाली होती. चौघांनाही नावं होती. चौथं नाव यायला बराच वेळ लागला. ते आल्यावर प्रिन्सिपॉल बाईंनी वाकून अण्णांच्या गळ्यातल्या पाट्या काढल्या, स्वतःच्या गळ्यात अडकवल्या आणि साडीच्या निऱ्या सावरत वर गेल्या. त्या दिवशी वरच्या मजल्याची घंटा प्रिन्सिपॉल बाई होत्या. विजेची घंटा पुन्हा वाजली नाही, आणि सिंचनाच्या आईलाही पुन्हा बोलावणं गेलं नाही.

पुढे पंधरवड्याने मी फळ्यापाशी भरभरून काही समजावत होते. मी बोलायला लागले की थांबत नाही, हे घरीही मान्य आहे. सिंचना बाकावरून उठली. पण ती दाराकडे गेलीच नाही, सरळ माझ्याकडे आली आणि माझ्या हातात अण्णांनी तिला दिलेल्या चित्रकार्डांपैकी एक ठेवलं. कार्डावर लाल पंजा. नको. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मागच्या छोट्या खुर्चीतून अण्णा इतक्या झटक्याने उठले की खुर्ची त्यांच्याबरोबरच उठली.

“अक्का, अभिनंदन!”

“कशाचं अभिनंदन? तिने मला गप्प बसायला सांगितलं!”

“तेच. सांगितलं. पळाली नाही.” खुर्ची सोडवत ते म्हणाले, “आता तुम्ही ऐका तिचं, नाहीतर कार्डाला अर्थ नाही.”

मी गप्प बसले. किती अवघड गेलं म्हणून सांगू! सिंचना जागेवर गेली, बसली, वही उघडली.

यंदा अण्णा आमची शाळा सोडून येलहंक्याच्या एका शाळेत गेले. तिथे अशी बरीच मुलं आहेत आणि हात द्यायला कुणीच नाही, एवढंच कारण त्यांनी सांगितलं, आणि ते खरं असणारच. सिंचनाची तयारी त्यांनी तीन आठवडे आधीपासून केली. इथल्या नोकरीच्या उरलेल्या प्रत्येक दिवसासाठी जिन्याखालच्या खोलीत भिंतीवर आपला एकेक फोटो चिकटवला. दिवस संपला की तिने एक काढायचा आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. संपलेल्या गोष्टींचा तो डबा. शेवटच्या शुक्रवारी तिने शेवटचा फोटो काढला, टाकला, झाकण लावलं आणि दप्तर घेऊन शांतपणे आईबरोबर गेली. अण्णा म्हणाले, “सरी, ठीक. झालं.” आणि तेही गेले. आमची तयारी करायची मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अण्णांच्यासुद्धा.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी जिन्याखालच्या खोलीत गेले. उगाच. डब्यातला एक फोटो काढून पाहत बसले. पासपोर्टचा फोटो, चेहरा ताठ. फोटोवाल्याने “जरा हसा” म्हटलं तेव्हा त्यांनी “कशाला?” असं विचारलं होतं म्हणे, आणि त्याला उत्तर सापडेना म्हणून त्याने तसाच काढला. मी पाहत राहिले. किती वेळ, ते मी लिहून ठेवलेलं नाही.

सिंचना कधी आत आली ते कळलं नाही. तिने माझ्या हातातून फोटो घेतला, डब्यात ठेवला, झाकण नीट दाबलं. मग माझं बोट धरलं आणि मला वर्गाकडे घेऊन निघाली.