साळवेंची पाच वाक्यं

साळवे वर्गात सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचे. मॅडमना म्हणायचेच, पण स्वतःच्या मुलाच्या वयाच्या आम्हा पोरांनाही. पहिल्या दिवशी माझ्या बाकापाशी येऊन हा पन्नाशीचा माणूस अदबीनं उभा राहिला आणि म्हणाला, "इथं बसलो तर चालंल का तुम्हाला?" मी मोबाइलमधून मान वर न काढता सरकलो. त्यांनी खिशातून रुमाल काढून बाक पुसला, माझ्या बाजूचाही पुसला, मग बसले.

तो वर्गच शिसारी यावी असा होता. कॉलेजच्या मागच्या इमारतीत, मुतारीला लागून. खिडकी उघडली की वास, बंद केली की घुसमट. मी पर्यटनाच्या पदवीला होतो आणि एका परक्या भाषेचा प्रमाणपत्र वर्ग करणं सक्तीचं होतं; तो बाहेरच्यांनाही खुला होता. फ्रेंचच्या जागा भरल्या, म्हणून स्पॅनिश गळ्यात पडली. महिन्याभरात मला तिचा वीट आला. टेबल बाई, हात बाई, पाणी बाईच पण तिच्या डोक्यावर ठेवायची पुरुषाची टोपी. 'आहे' या एका शब्दासाठी दोन क्रियापदं, आणि त्या दोघांचीही प्रत्येक माणसागणिक वेगळी रूपं. मी पाठांतराला बसायचो आणि पाचव्या मिनिटाला वही भिरकावून द्यायचो.

साळवेंनाही काही ते सोपं जात नव्हतं. शंभर पानी वहीत ते सगळं देवनागरीत उतरवून घ्यायचे आणि तास संपल्यावर ओठ हलवत बसायचे. 'यो सोय' म्हणजे 'मी आहे' हे कळल्यावर मात्र ते खुदकन हसले होते. "घ्या, ह्या भाषेत नुसतं असलं तरी सोय होती माणसाची. आपल्याकडं जन्म जातो, तरी व्हत नाय."

जालना रोडवरच्या एका हॉटेलासाठी ते पाहुण्यांची गाडी चालवायचे. वेरूळ, अजिंठा, परत. या वयात हे खूळ कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "एक म्हातारं जोडपं होतं गाडीत, तिकडलं. वेरुळाहून येताना त्या बाबाला लई गरगरायला लागलं. बाई पाठीमागून 'पारे, पारे' वरडत होती. मला वाटलं, घाई कर म्हणतीय. मी आणखी पळवली. बाबा भडाभडा ओकला, सगळ्या अंगावर. मग कळलं, 'थांब' म्हणत होती ती." हे सांगताना त्यांचा चेहरा इतका पडला की, गाडी धुवावी लागली असेल नाही, हा माझा विनोद तोंडातच राहिला.

मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या आणि आल्या क्षणापासून घड्याळ बघायच्या. "मराठवाड्याच्या जिभा आधी घासून आणा, मग स्पॅनिश बोला," हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा त्यांनी मला आणि साळवेंना जोडीनं संवाद म्हणायला उभं केलं. मित्राला स्पॅनिशमध्ये 'तू'च म्हणतात, अगदी आपल्यासारखं. साळवे मात्र मला 'उस्तेद' म्हणत राहिले, म्हणजे 'आपण'.

"साळवे, तो तुमच्या मुलाएवढा आहे. तू म्हणा, तू! मराठीतला शब्द आहे, तोही जमत नाही?"

वर्ग खदखदून हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. साळवे पुन्हा 'उस्तेद' म्हणाले आणि खाली बसले.

बाहेर पडल्यावर त्यांनीच मला थांबवलं. राग नव्हता आवाजात. "आमच्या गावात माझ्या बापाला शेंबडं पोरगंही 'ए, तू' म्हणायचं. तवाच ठरवलं, आपल्या तोंडून हा शब्द कुणासाठी निघू द्यायचा नाय. मार्क जाऊ द्या." मी 'हो का' म्हणून बस पकडली. आमचं घर गावातल्या शेतीवाल्या घरांपैकी. कोणाला 'ए, तू' म्हणत आम्ही मोठे झालो, याचा विचार बसमध्येसुद्धा मी केला नाही.

लेखी परीक्षेला मी त्यांच्या तिरकं मागच्या बाकावर होतो. शेवटचा प्रश्न होता, कुटुंबातल्या एका व्यक्तीवर पाच वाक्यं. मला एकही येत नव्हतं. साळवे मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहीत होते. मी मान तिरकी केली आणि जसंच्या तसं उतरवलं. 'पाद्रे' म्हणजे वडील, एवढं कळत होतं. बाकीचं कळायची गरज वाटली नाही.

आठवड्यानं मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. दोन्ही पेपर समोर ठेवलेले. माझ्याकडे बघून त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "तुझे वडील नाहीत, हे मला माहीत नव्हतं रे. किती छान लिहिलंयस!" आणि त्यांनी मराठीत वाचून दाखवलं. माझे वडील वारले. ते लेण्यांत झाडू मारायचे. त्यांचा झाडू लांब होता. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांच्या वतीनं मी वाचतो.

माझे बाबा त्या क्षणी लासूर स्टेशनला आपल्या खताच्या दुकानात बसलेले होते. सकाळीच त्यांचा फोन येऊन गेला होता.

मॅडम साळवेंकडे वळल्या. "आणि तुम्ही! या वयात पोराच्या पेपरात बघून लिहिता? ही भूतकाळाची रूपं मी शिकवलेली नाहीत. हा इंटरनेटवरून शिकला असेल. तुम्हाला कुठून येणार?"

"हॉटेलात उतरलेल्या एका पाहुण्याकडून लिहून घेतली व्हती मी," साळवे म्हणाले. "मॅडम, माझे वडील खरंच वारलेत. वेरूळला झाडायला होते ते."

"ते मला नका सांगू."

साळवेंनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलावं म्हणून ते थांबले होते. बाहेर कोणीतरी मुतारीचं दार आपटलं. मी टेबलाच्या कडेला चिकटलेला च्युइंगगमचा काळा गोळा बघत राहिलो. मॅडमनी त्यांच्या पेपरावर लाल शून्य काढलं, तेव्हा ते हळूच 'बरं' म्हणाले आणि पिशवी उचलून गेले. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "खचू नकोस." मी मान हलवली. चक्क मान हलवली मी. आजही अंगाला तो हात चिकटल्यासारखा वाटतो.

निकाल लागला, मला 'अ' श्रेणी मिळाली. पंधरा दिवस जेवण गोड लागलं नाही, तेव्हा मी मॅडमना गाठून खरं सांगितलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. "निकाल वर गेलाय. आता उकरून माझी अडचण करू नकोस. ते बसतील की पुढच्या वर्षी." मग पर्स उचलून त्या निघाल्या. त्यांची मला किळस आली. पण त्यांना खरं माहीत नव्हतं तेव्हा त्यांनी शून्य दिलं होतं. मला सगळं माहीत होतं.

साळवे हॉटेलच्या फाटकाबाहेर गाडीची काच पुसत होते. मी एका दमात सगळं बोललो. त्यांचा हात थांबला नाही.

"व्हय, माहितीय," ते म्हणाले. "माझंच लिहिलेलं मला कळणार नाय व्हय?"

"मग तुम्ही मॅडमना सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही सांगाल वाटलं." त्यांनी फडका झटकला. "तुमचे वडील कुठं असतात?"

"लासूर स्टेशनला. दुकान आहे."

"त्यांना सांगितलं का हे?"

मी नाही म्हणालो.

"मग आधी तिकडं जावा. माझा एक पेपर गेला. त्यांना तर तुम्ही जित्तेपणी मारून आलात."

तेवढ्यात पाहुणे आले. साळवेंनी दार उघडून धरलं, सामान आत ठेवलं आणि गाडी काढली.

मी लासूरला गेलो. बाबा खताच्या गोण्यांची थप्पी लावून घेत होते. सगळं ऐकून ते गोणीवरच बसले. मेलो की काय मी, असं काहीतरी चिडून म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या माणसाचं शून्य खोडलं का?" मी नाही म्हणालो. ते उठले आणि दिवाळीपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले.

नंतर मी लेखी अर्ज घेऊन कॉलेजच्या कार्यालयात गेलो. प्रमाणपत्र परत घ्या, म्हणालो. क्लार्कनं अर्ज दोनदा वाचला आणि परत सरकवला. "प्रमाणपत्र परत घ्यायची पद्धत नाय आपल्याकडं. ठेवा, कामाला येतं."

पुढच्या वर्षी साळवे परीक्षेला बसले नाहीत. चौकशी केली तेव्हा कळलं, हॉटेल सोडून ते नाशिकला गेले, तिकडं कंपनीची बस चालवतात. परदेशी पाहुणे नाहीत, कामगारांची ने-आण. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. मी लावलेला नाही.

मला मात्र एका ट्रॅव्हल कंपनीत नोकरी लागली. मुलाखतीत साहेबांनी प्रमाणपत्र पाहिलं आणि खूश होऊन विचारलं, "स्पॅनिश येतं?" मी म्हणालो, "येतं."