रविवारपुरतं मशीन

रूपालीचा चेहरा भाजला तो चुलत दिराच्या लग्नात. उमरठच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत तिच्या सासरची वाडी. मांडवामागे चार बायका वडे तळत बसल्या होत्या. भट्टीखालचा दगड सरकला, कढई कलंडली आणि तिच्या डाव्या गालापासून गळ्यापर्यंत तेल उतरलं. तिला जीपमध्ये घालून महाडला नेलं, तेव्हा मागे बँजो वाजतच होता. मुहूर्ताची वेळ होती, कोण थांबवणार?

दीड महिन्याने इस्पितळातून परतली, तर पाच वर्षांची सेजल तिला बघून आजीच्या पदराआड गेली. सासू सुंदराबाई म्हणाली, "पोर झोपेतून दचकून उठतं गो. तू थोडे दिवस भावाकडं ऱ्हा. चेहरा बरा झाला का ये." नवरा दीपेश वसईला पॅकिंगच्या कारखान्यात होता. तो फोनवर एवढंच म्हणाला, "आई बोलते ते बरोबर हाय. टेन्शन नको घेऊ."

भाऊ श्रीपत पोलादपूरला एसटी स्टँडमागे फ्रिज दुरुस्त करायचा. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. वहिनी तुळसाने आरसा काढून कपाटात ठेवला आणि गिऱ्हाईक आलं की रूपालीला सांगायची, "वन्सं, जरा आत व्हा."

महाडच्या चारुलताबाई भाजलेल्यांना व्यायाम शिकवायच्या. त्यांनी पहिल्याच भेटीत श्रीपतला बाजूला न घेता, रूपालीसमोरच सांगितलं, "जखम भरली म्हणजे संपलं असं नाही. आता व्रण फुगेल, ओठ ओढेल, डोळ्याखालची कातडी ओढेल. तो सतत दाबून ठेवायला हवा. त्यासाठी चेहऱ्याच्या मापाचा पारदर्शक प्लास्टिकचा मुखवटा असतो. दिवसाचे वीस तास घालायचा, वर्ष-दीड वर्ष. आणि व्रण बसत जाईल तसा दर महिन्याला नवा."

"कुठं मिळतो?" रूपालीने विचारलं.

"मुंबईला. दर महिन्याला जावं लागेल, तिथे राहावं लागेल."

श्रीपत म्हणाला, "बाई, बनवतात कसा तो?"

बाईंनी मोबाइलवर दाखवलं. चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा, त्यावर तापवून मऊ केलेली प्लास्टिकची शीट, आणि खालून हवा ओढून घेतली की शीट साच्याला कातडीसारखी चिकटते. श्रीपतने ते पाच वेळा बघितलं. परतताना एसटीत तो बहिणीला म्हणाला, "हवा ओढायची ना? मग कॉम्प्रेसर आपल्याकडं हाईत की."

तीन आठवडे त्याने फ्रिज दुरुस्तीची कामं मागे टाकली. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर उलटा जोडला. तो हवा हळूहळू ओढतो, तोवर शीट थंड होते, म्हणून भंगारातली लोखंडी टाकी आणून आधी ती रिकामी करून ठेवायची आणि ऐन वेळी कॉक उघडायचा, अशी युक्ती काढली. शेगडीच्या तारा पत्र्याच्या पेटीत बसवल्या, तो झाला हीटर. पेटीच्या फळीला शेकडो बारीक भोकं रूपालीने पाडली. पहिल्या शीट पावसाळी हवेची ओल धरून पापडासारख्या फुगल्या. मग त्या आधी मंद आचेवर वाळवायच्या, हेही रूपालीलाच सुचलं.

साचा घ्यायच्या दिवशी चारुलताबाई मुद्दाम पोलादपूरला आल्या. रूपालीच्या नाकात दोन नळ्या घालून चेहऱ्यावर ओलं प्लास्टर थापलं. ते गरम होत गेलं तसं तिला कढई आठवली आणि तिचे हात चेहऱ्याकडे गेले. श्रीपतने ते दोन्ही हात धरून ठेवले. "हलू नको गो रूपे. झालं. झालंच."

त्या पोकळ छापात पुन्हा प्लास्टर ओतून चेहऱ्याचा साचा निघाला. त्यावर जिथे व्रणाचे उंचवटे होते तिथे बाईंनी कानशीने थोडं थोडं घासलं, म्हणजे मुखवटा नेमका तिथे दाबेल. चौथी शीट नीट बसली. पट्टे लावून मुखवटा चढवला तेव्हा काचेसारख्या प्लास्टिकखाली लाल व्रण पांढरा पडला. बाई म्हणाल्या, "दाब बसला. असंच पाहिजे." श्रीपत दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. तो रडत होता, हे रूपालीला पाठीवरून कळलं.

दिवाळीपर्यंत तिसरा मुखवटा झाला होता आणि गाल हाताला सपाट लागत होता. दिवाळीला दीपेश आला, सेजलला घेऊन. पोर दारातच थांबली. "काचेची बाई," ती बापाला म्हणाली. रूपालीने मुखवटा काढला, तर ती ओरडायला लागली. तुळसाने तिला उचलून बाहेर नेलं.

दीपेशने बायकोचा चेहरा भाजी निवडावी तसा उजेडाकडे वळवून बघितला. "पहिल्यापेक्षा ठीक हाय," म्हणाला. मग त्याची नजर मशीनवर गेली आणि तिथेच राहिली.

"मेहुणे, हे तुम्ही घरी बनवलं? आमच्या कंपनीत हेच मशीन हाय, मोठं. ट्रे काढतो आम्ही याच्यावर." त्याने कॉक फिरवून बघितला, हीटरची पेटी उघडली. "आंबेनळी घाट चढून वर गेलं की स्ट्रॉबेरीवाले बसलेत. त्यांना डबे लागतात. हायवेला मिठाईवाले हाईत. ऑर्डर मी आणतो."

दुपारभर मेहुणे-मेहुणे मशीनपाशी बसून होते. रूपालीने दोनदा चहा नेला. दुसऱ्या वेळी दोघं कशावर तरी हसत होते. ती आत आल्यावर थांबले. सेजलला घेऊन दीपेश संध्याकाळच्या गाडीने गेला. जाताना बायकोला काही बोलायचं राहिलं, असं त्याला वाटलेलं दिसलं नाही.

डिसेंबरात डब्यांचं काम सुरू झालं. मशीनवर पातळ शीटची फ्रेम चढली. श्रीपत पहाटेपासून कामाला लागायचा, तुळसा कडा कापायची. तिच्याशेजारी बसून रूपालीही कापायची, मुखवटा घालूनच. त्या महिन्याचा मुखवटा तिने मागितला.

"दादा, साचा मी घासून ठेवलाय. वेळ नाय लागायचा."

"अगो, तुझ्या जाड शीटला फ्रेम बदलायची, हीटर वर-खाली करायचा. अर्धा दिवस मोडतो. पुढल्या आठवड्यात करू."

तो आठवडा आला नाही. स्ट्रॉबेरी संपली तर पेढ्यांचे ट्रे आले, पेढ्यांनंतर गणपतीच्या मोदकांचे. जुना मुखवटा आता गालाला नुसता टेकत होता, दाबत नव्हता. एप्रिलमध्ये तिला भाकरीचा घास मोठा वाटू लागला. जूनमध्ये डावा कोपरा ओढला जाऊन तोंड पूर्ण उघडेना. चारुलताबाईंचे फोन श्रीपत घ्यायचा आणि "हो बाई, करतो" म्हणायचा. दुकानाला नवी पाटी लागली होती.

गणपती तोंडावर आले असताना श्रीपत तिच्यासमोर येऊन बसला. हातात वकिलाचा कागद होता. तो तिच्याकडे न बघता बोलला.

"दीपेशला मोकळं व्हायचंय. तिकडं त्याचं जमलंय एक. तू सही दिलीस तर भांडण नाय, ऑर्डरी चालू ऱ्हातील. नायतर तो दुसरीकडं काम देईल."

"आणि सेजल?"

"पोर त्यांच्याकडं. तसंही ती तुझ्याकडं येत नाय ना."

रूपालीने कागद वाचला. त्यात लिहिलं होतं की ती राजीखुशीने हे करते आहे. ओढलेल्या ओठामुळे तिचे शब्द आता थोडे पुसट येत. ती म्हणाली, "मला मशीन पायजे. दर रविवारी. अख्खा दिवस."

"एवढंच ना?" श्रीपतला हलकं वाटलं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. "घे की."

तिने सही केली.

पहिल्याच रविवारी तिने एकटीने फ्रेम बदलली, हीटर लावला, साचा घासून मुखवटा काढला. एकही शीट वाया गेली नाही. मुखवटा घेऊन ती महाडला गेली. चारुलताबाईंनी बोटाने व्रण दाबून बघितला, पुन्हा बघितला. तो पांढरा झाला नाही.

"आता हा घट्ट झाला गं," त्या म्हणाल्या. "मुखवट्याने बसण्याचे दिवस गेले. ऑपरेशन केलं तर ओठ थोडा सुटेल." त्यांनी मुखवटा हातात घेतला, कडा तपासल्या. "काम मात्र इतकं चांगलं मुंबईतही होत नाही. वरंधची एक बाई आहे माझ्याकडे, तिच्यासाठी करशील?"

रूपालीने श्रीपतला विचारलं. तो म्हणाला, "रविवार तुझा हाय, काय पण कर. शीट तुझी तू आण."

वरंधची बाई नवऱ्यासोबत आली. प्लास्टर वाळेपर्यंत तो बायकोचा हात धरून बसला होता आणि मध्येच तिच्या कानाशी काहीतरी बोलत होता. रूपाली दुसऱ्या बाजूला उभी राहून ते बघत होती.

ते गेल्यावर साचा घासायला घेतला, तेव्हा तिचा हात थांबला. एक सूत कमी घासलं तर मुखवटा नुसता टेकेल. कोणाला कळणार नव्हतं. चारुलताबाईंनाही महिन्या-दोन महिन्यांनी कळलं असतं. कानस हातात धरून ती तशीच बसून राहिली. पलीकडे तुळसा ट्रे मोजत होती. मग रूपालीने घासायला सुरुवात केली आणि पुरतं घासलं. तसं करताना तिला चांगलं वाटलं नाही.

पुढच्या रविवारी मुखवटा चढवला. त्या बाईचा व्रण पांढरा पडला. बाई हात जोडून म्हणाली, "ताई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार नकोत," रूपाली म्हणाली. "दर महिन्याला या. चुकवायचं नाय." आणि नवऱ्याकडे वळून, ओठ जेवढा उघडत होता तेवढा उघडून तिने सांगितलं, "चुकवलंत तर काय होतं ते बघून घ्या."

तो मान खाली घालून बायकोच्या मुखवट्याचे पट्टे नीट करू लागला.