टोपलीमागे दोन पळ्या

ता. १२ जानेवारी १९१३, रविवार. अमरावती.

थंडी बरीच. चर्चमध्ये मिस्सेला गेले नाही. सूनबाईला तिसरा महिना. शुक्रवारपासून पोटात पाणीसुद्धा राहत नाही. आज दुपारपर्यंत अकरा वेळा उलटी झाली. गाडी पाठवून ओकाऱ्यांवर इलाज जाणणाऱ्या म्हाताऱ्या सत्यभामाबाईंना आणवलं. दिवेलागणीपर्यंत त्या सूनबाईच्या उशाशी बसल्या होत्या आणि बसल्या बसल्या त्यांनी तिला स्वतःची हकिकत सांगितली. ती खाली सविस्तर लिहीत आहे.

सन १८६४. सात समुद्रांपलीकडे कुठंतरी लढाई लागली होती आणि तिच्यामुळे वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला होता. अमरावतीच्या वाटेवर रात्रंदिवस गाड्यांची रीघ लागलेली असे. खुशालरावांचं घर गावाच्या कडेला, जमीन काळी, कसदार. त्यांच्या एकुलत्या एका मुलाची, गोवर्धनची, बायको सत्यभामा. वय सतरा. माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. आई लहानपणीच गेलेली.

त्या वर्षी दिवाळीनंतर सत्यभामेला ओकाऱ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस घरात आनंदच होता. सासूबाई, गोदाबाई, शेजारणींना सांगत, "आमची सून ओकून राहिली व," आणि शेजारणी हसत. पण पंधरा दिवस गेले, महिना गेला, ओकाऱ्या थांबेनात. सकाळी डोकं उचललं की ओकारी, पाणी प्यायलं की ओकारी, काही नाही तरी नुसता पिवळा कडू रस. हातातले गोठ घसरून कोपरापर्यंत जाऊ लागले. वैद्यांनी चूर्ण दिलं, तेही ओकून पडलं.

घरात कामाची कोण गर्दी. अंगणात पाच-सहा बाया रेचे घेऊन बसत. रेचा म्हणजे लाकडी चरक. दोन फिरत्या दांड्यांमधून कापूस ओढला की सरकी अलीकडे गळते आणि रुई पलीकडे निघते. दिवसभर त्यांचा करकर आवाज चाले. त्या बायांत गंगूबाई म्हणून एक होती, तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"बाई, तुमची सून खात तं काईच नाई," ती गोदाबाईंना म्हणे, "मंग एवढं ओकायले आनते कुठून?"

बाया हसत. सत्यभामा ओसरीच्या कोपऱ्यात तोंडावर पदर घेऊन पडून राही.

गोदाबाई तोंडानं कडक होत्या, पण सुनेच्या खाण्याकडे त्यांचं लक्ष बारीक होतं. रोज सकाळी त्या विचारत, "काय खावंसं वाटते व पोरी? डोहाळे ठेवू नोको. राहिले तं लेकराचा कान फुटते." खरं उत्तर 'काहीच नाही' असं होतं. पण ते उत्तर एकदा दिल्यावर सासूचा चेहरा असा उतरला की सत्यभामेनं पुन्हा तसं म्हटलं नाही. ती आपली कशाचं तरी नाव घेई. कधी वांग्याचं भरीत, कधी कढीगोळे, कधी पुरणाचे मांडे. गोदाबाई अंगणातली कामं टाकून तो पदार्थ करायला बसत. जवसाच्या तेलाची फोडणी पडली की तो वास घरभर फिरे आणि सत्यभामा भिंत धरून परसात धावे. मग ताट पुढं येई. दोन घास ती गिळी. ते परत येत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मार्गशीर्षात गोवर्धन कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याला निघाला. दिवसाउजेडी नवरा-बायकोनं चारचौघांत बोलायची रीत नव्हती. बैलांना पाणी दाखवायच्या निमित्तानं तो ओसरीपाशी आला आणि मान दुसरीकडे करून म्हणाला, "तुह्या बापाले काई सांगू काय?"

"बापाले नोका सांगू," ती म्हणाली. "मोर्णेपलीकडे जुन्या शहरात आमिनाबी दाई हाय. तिनंच मले जन्माले आनलं. तिले सांगा, आता मी काई जगत नाई."

त्यानं बैल जुंपले. गाड्या गेल्या. वाट तीन मुक्कामांची. सत्यभामा दिवस मोजत होती, पण पुढंपुढं तिचा हिशेब चुकू लागला. उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येई. जीभ टाळूला चिकटे. बोलायचं म्हटलं तरी शब्द जड.

आठव्या दिवशी रिकाम्या गाड्या परतल्या. पहिल्या गाडीत गोधडीवर एक साठीची, काटकुळी बाई बसली होती. हातात कापडाचं गाठोडं.

"हे कोन आनली रे?" गोदाबाई रेच्यापासून उठल्या.

"माय, आमिनाबी हाय. अकोल्याची दाई."

"दाई? चौथ्या महिन्यातच दाई? मंग नवव्यात काय, पलटन आनशीन?"

आमिनाबी गाडीतून उतरल्या. त्यांनी उंबरठ्याकडे पाऊलही टाकलं नाही. म्हणाल्या, "बाई, मी आंदर येत नाई. पोरीले उन्हात आना."

गोवर्धननं आणि गंगूबाईनं सत्यभामेला धरून अंगणात बसवलं. आमिनाबींनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, चुरगळलेल्या कापडासारखी. मग त्यांनी जीभ पाहिली, आणि अगदी हळू विचारलं, "बेटी, पिशाब कवा झाली?"

सत्यभामा आठवू लागली. "परवा," ती म्हणाली. "नाईतं त्याच्याआधी."

"हे काय इचारनं झालं?" गोदाबाई म्हणाल्या. "बायामानसांत, अंगनात!"

"गोदाबाई," आमिनाबी म्हणाल्या, "वरून काय निघते थे सगळ्यायनं पाह्यलं. खालून काई निघते का नाई, थे कोनी पाह्यलं काय?"

गोदाबाई सुनेच्या जिभेकडे वाकून पाहू लागल्या.

आमिनाबींनी सांगितलं ते अगदी साधं होतं. ज्वारीच्या लाह्या पाण्यात उकळून ते पाणी गाळून घ्यायचं, त्यात मिठाची चिमूट आणि खडीसाखरेचा खडा. घरात फोडणी बंद, चूल परसात. ओकणारीला कोणी काय हवं म्हणून विचारायचं नाही. आणि ते पाणी भांड्यानं नाही, देवपूजेतल्या पळीनं द्यायचं. दोन पळ्या, बस.

"दोन पळ्यांनं काय होते?" गोदाबाई म्हणाल्या.

"वाटीभर देऊन काय झालं?" आमिनाबी म्हणाल्या. "माह्या हातचं तिले चालत नाई, मले ठावं हाय. म्हनून हात तुमचा."

"माह्या मागं अंगनभर कापूस पडला हाय. मी काय दिवसभर पळी घेऊन बसू?"

"मंग कापसावरच मोजा. एक टोपली सरकी निघाली का दोन पळ्या. कमी नाई, जास्त नाई."

आमिनाबी मोमिनांच्या वस्तीत नात्यातल्या एका घरी उतरल्या. रोज सकाळी येत, अंगणातल्या लिंबाखाली बसत आणि तिथूनच पाहत. टोपली भरली की गंगूबाई ओरडे, "बाई, झाली!" आणि गोदाबाई कपाळाला आठ्या घालून पळी घेऊन येत. पहिल्या दिवशी निम्म्याहून जास्त परत आलं. सत्यभामा रडकुंडीला आली.

"आलं तं येऊ दे," आमिनाबी लिंबाखालून म्हणाल्या. "थे गेल्या टोपलीचं होतं. ह्या टोपलीचं येगळं."

दुसऱ्या दिवशी थोडं कमी परत आलं. तिसऱ्या दिवशी दुपारी सत्यभामा गंगूबाईच्या आधारानं परसात गेली आणि बऱ्याच वेळानं परतली. गंगूबाईनं दारातूनच हाळी दिली, "बाई व! मुतली पोट्टी!"

सगळे रेचे एकदम थांबले. मग एकच हशा पिकला. बैलांपाशी उभा असलेला गोवर्धन लाजून गोठ्यात शिरला. गोदाबाईही हसल्या, पदर तोंडावर धरून हसल्या, पण हसल्या.

इथंच गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. सहाव्या दिवशी शुक्रवार होता. आमिनाबी दुपारी वस्तीत गेल्या होत्या. सुनेच्या चेहऱ्यावर थोडी तरतरी आलेली पाहून गोदाबाईंना राहवलं नाही. त्यांनी परसातल्या चुलीवर खापर उलटं घातलं आणि पुरणाचे मांडे केले. वर तुपाची धार. ताट घेऊन त्या सुनेपुढं बसल्या. "तूच म्हनलं होतं ना, मागच्या महिन्यात. एवढा एक खाय. माह्यासाठी."

सत्यभामेनं खाल्ला. अर्ध्या घटकेत सगळं बाहेर पडलं, आणि ओकारी थांबेना. शेवटी शेवटी त्यात रक्ताचा धागा दिसला. आमिनाबी आल्या तेव्हा ती भुईवर आडवी होती, ओठ पांढरे. गोदाबाई पळी हातात धरून नुसत्या उभ्या होत्या.

"काय घातलं तिच्या पोटात?"

गोदाबाईंची नजर परसाकडे गेली. आमिनाबींनी परसातलं खापर पाहिलं.

"बाई, मारायची होती तं मले अकोल्याहून काहून आनलं? मी काय तमाशा पाह्याले आली?"

इतकं त्या घरात गोदाबाईंना आजवर कोणी बोललं नव्हतं. अंगणातल्या बाया खाली मान घालून बसल्या. गोदाबाई खाली बसल्या, ओसरीच्या पायरीवर, आणि त्यांनी आपल्या मुलीचं नाव घेतलं. रुख्मिणीचं. त्या घरात ते नाव सहसा कोणी घेत नसे.

"माही रुख्मी नांदगावले दिली होती," त्या म्हणाल्या. "तिले अशाच ओकाऱ्या लागल्या. मी गेली तवा तिले जाळून आले होते. तिच्या सासूनं मले तोंडावर सांगतलं, पोरीनं डोहाळे सांगतले नाईत, म्हनून गेली. बोलली असती तं आमी सारं देलं असतं." त्यांनी पळी खाली ठेवली. "म्हनून मी हिले इचारतो. रोज इचारतो. हिचं काई राहू नये म्हनून."

आमिनाबी जवळ आल्या आणि पायरीच्या खाली, जमिनीवर बसल्या. त्यांचा आवाज आता वेगळा होता. "गोदाबाई, डोहाळ्यानं कोनी मरत नाई. तुमच्या लेकीच्या आंगात पानी राह्यलं नसीन. तिच्या सासूले थे समजलं नाई. तुमाले तरी कोन सांगतलं होतं?"

सत्यभामा भुईवर पडून हे सगळं ऐकत होती. लग्न होऊन तीन वर्षं झाली, पण आपल्याला एक नणंद होती आणि ती अशी गेली, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला बोलायला जड जात होतं तरी ती सासूशी बोलली.

"आत्याबाई, मले काईच खावंसं वाटत नव्हतं. पहिल्यापासून नाई."

"मंग मांडे? भरीत? कढीगोळे?"

"तुमी इचारत होत्या, म्हनून सांगत गेली."

गोदाबाई पळी पदरानं पुसून उठल्या आणि गंगूबाईला म्हणाल्या, "पाह्यतं काय व? रेचा चालव. टोपली भरून दे."

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. दोन पळ्यांच्या तीन व्हायला चार दिवस लागले. संक्रांत आली, घरात तीळ कुटले नाहीत, शेजारून आलेले लाडू गोदाबाईंनी बाहेरच्या बाहेर बायांना वाटून टाकले. पौष संपता संपता सत्यभामा डोकं उचलण्याआधी चार मुरमुरे चावून खाऊ लागली. ओकारी पुरती थांबली नाही. सातव्या महिन्यापर्यंत ती आठवड्यातून दोन-तीनदा येतच राहिली. पण कातडी चिमटीत धरून सोडली की ती खाली बसे.

माघात आमिनाबी अकोल्याला परतल्या. गोदाबाईंनी त्यांना लुगडं दिलं, आणि गाडी निघेपर्यंत स्वतः चाकापाशी उभ्या राहिल्या. पुन्हा त्या दोघींची भेट झाली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सत्यभामा बाळंत झाली. मुलगी झाली, तळहाताएवढी, पण रडली मोठ्यानं. डोहाळ्यांचा धाक मात्र गोदाबाईंच्या मनातून गेला नाही. सव्वा महिना रोज सकाळी त्या नातीला उजेडात धरत आणि दोन्ही कान वाकून पाहत. कान कोरडे होते.

सत्यभामेला पुढं तीन वेळा दिवस गेले. तिन्ही वेळा तशाच ओकाऱ्या. त्यातलं एक मूल जगलं नाही. तिन्ही वेळा पळी गोदाबाईंच्या हातात होती, आणि काय खावंसं वाटतं असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्या गेल्यावर गल्लीतल्या पोरींना ओकाऱ्या लागल्या की सत्यभामेला बोलावणी येऊ लागली. कुणब्यांकडून, तेल्यांकडून, मोमिनांकडून. ती जाई, आणि दारातून आत शिरताच आधी पिशाबीचं विचारी. पहिल्यांदा लोक तोंड फिरवत. आता फिरवत नाहीत.

सूनबाईनं सगळं डोळे मिटून ऐकलं. शेवटी तिनं विचारलं, "रुख्मिणीबाई कितव्या महिन्यात होत्या?" सत्यभामाबाई म्हणाल्या, "पाचव्यात." उठताना त्यांनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, पुन्हा धरून सोडली, आणि उद्या सकाळी येते म्हणाल्या.

संध्याकाळी सव्वासहाला सूनबाईला लघवी झाली. थोडी, हळदीच्या पाण्यासारखी. चूल मागच्या अंगणात मांडली. लाकडं ओली होती, भाकऱ्यांना धुराचा वास लागला.