दुसरं तोरण

झेंडूची तोरणं बाजारात दिसू लागली की मला तो दसरा आठवतो आणि, खोटं कशाला बोलू, छाती अजूनही थोडी फुगते.

तेव्हा मी ठाण्याच्या अमली पदार्थविरोधी पथकात निरीक्षक होतो, राहायला डोंबिवलीत. त्याच्या दोन वर्षं आधी मी हाताने माती खाल्ली होती. एका रसायन कारखानदाराला एमडी या नशेच्या पावडरसह पकडलं, पण खबर मिळताच उत्साहात जीप काढली आणि तिची नोंद परत आल्यावर केली. कायदा सांगतो, खबर आधी लिहा, वरिष्ठांना कळवा, मग छापा घाला. बचाव पक्षाच्या वकिलांनी नेमकं तेच पकडलं आणि आरोपी निर्दोष सुटला. कोर्टाच्या पायऱ्यांवर थांबून, मधोमध तुटलेली उजवी भुवई उडवत तो मला म्हणाला, "साहेब, चहा घेणार?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी पथकाच्या शस्त्रपूजेसाठी नेहमीच्या फुलवाल्या मावशींकडे गेलो. मावशी औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या जुन्या गावातल्या. हार बांधता बांधता म्हणाल्या, "साहेब, आमच्या घरामागची कंपनी बंद हाय ना? मग वासानं डोकं कशाला धरतं? आनि काल शेठ सोता येऊन दोन तोरनं घेऊन गेला. दार तर एकच हाय."

"शेठ दिसायला कसा?"

"उजवी भुवई मधोमध तुटलेली."

मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. हा तोच, कोर्टाच्या पायऱ्यांवरचा चहावाला.

पाय जीपकडे ओढत होते. तरी ऑफिसात जाऊन बसलो, मावशींचं नाव न घालता खबर लिहिली, वेळ टाकली आणि प्रत वरिष्ठांकडे पाठवली. आमचे हवालदार अस्वस्थ झाले. "साहेब, तुम्ही लिहीत बसलात तर तिकडे माल उडेल."

"माल उडाला तर उडू दे. या वेळी माणूस उडायला नको."

पंच मिळवताना नाकी नऊ आले. श्रीखंडाच्या ताटावरून कोण उठतो? शेवटी दोघे भले गृहस्थ तयार झाले आणि भर दुपारी आम्ही कारखान्यात शिरलो. दाराला तोरण होतं. आत गंजलेल्या टाक्या, रिकामे पिंप आणि धूळ. तासभर शोधूनही चिमूटभर काही सापडलं नाही. मालक खुर्चीत आरामात बसून होता. "सणाचे आलात साहेब. चहा घेणार?"

राग आला, पण गिळला. समोर खुर्ची ओढून बसलो. "बंद कारखान्यात पूजा?"

"लक्ष्मी आहे साहेब. वर्षातनं एकदा तरी हार घालावा लागतो."

"आणि तोरण?"

"ते पण आणलं ना. एकच."

तो घाईने बोलला, मी आकडा विचारलाच नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीत माणसं मालाबद्दल खोटं बोलताना पाहिली होती, फुलांबद्दल पहिल्यांदाच पाहिलं. मी हवालदारांना बाजूला घेऊन सांगितलं, "माल शोधू नका. तोरण शोधा."

दहा मिनिटांत त्यांनी हाक मारली. मागच्या भिंतीशी एक लोखंडी कपाट होतं आणि त्याच्या पायाशी झेंडूच्या चार ताज्या पाकळ्या. कपाट सरकवलं तर मागे दार, आणि दारावर झेंडू आणि आंब्याच्या पानांचं दुसरं तोरण. आत पावडर सुकवायचं यंत्र गळ्यात हार घालून उभं होतं, शेजारी भरलेल्या पिशव्यांची थप्पी. दोन वर्षं पोलिसांना चुकवणारा माणूस दसऱ्याला यंत्राची पूजा चुकवायला धजला नव्हता. हवालदार तर चक्क नमस्कार करून आत गेले.

पुढचं सगळं मी हळूहळू केलं. राजपत्रित अधिकाऱ्यासमोर अंगझडती मागण्याचा हक्क त्याला लेखी कळवला. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढून घेतले. माल कायद्याने ठरवलेल्या व्यावसायिक प्रमाणाच्या कितीतरी वर होता, त्यामुळे जामीन दर वेळी फेटाळला गेला.

खटल्यात वकीलही तेच, पहिला प्रश्नही तोच. "खबर कधी लिहिलीत?" मी नोंदवही पुढे केली. त्यांनी पान वाचलं, पुन्हा वाचलं आणि ते खाली बसले. तो क्षण मला माझ्या पदकापेक्षा गोड वाटतो. आरोपीला बारा वर्षं सक्तमजुरी आणि दंड झाला.

नोकरीभर मी कागदांच्या नावाने बोटं मोडली. या खटल्याने मला शिकवलं की गुन्हेगार आमच्या घाईवर जगतो, आणि चार ओळी वेळेवर लिहिल्या की त्याचं जगणं अवघड होतं. नव्या पोरांना मी हेच सांगतो, मावशींचं नाव मात्र आजही सांगत नाही.

निकालानंतर त्याला पायऱ्यांवरून खाली आणत होते. मला पाहून त्याने मान खाली घातली. मी बंदोबस्तावरच्या शिपायाला थांबवलं आणि म्हणालो, "यांना आधी चहा पाजा. माझ्याकडून."