बैलाचा डोळा झाकून बघतात

बैल घेताना मी आधी त्याचा एक डोळा तळव्यानं झाकतो आणि दुसऱ्यासमोर बोट नाचवतो. मग दुसरा झाकतो. दात, खूर, चाल नंतर. औरादच्या बाजारात हे मला कुणी शिकवलं नाही, फसून शिकलो. जनावराच्या बाबतीत एवढी अक्कल आमच्याकडं सगळ्यांना आहे. माझा डोळा मात्र पन्नाशी उलटेपर्यंत कुणी झाकून बघितला नाही. ना घरच्यांनी, ना मास्तरांनी. त्याचा राग अजून मनात आहे आणि तो मी घालवणारही नाही.

मध्यंतरी एका खोंडाची शेपटी नेमकी माझ्या उजव्या डोळ्यावर बसली. डोळा मिटला आणि समोरचा माणूस धुक्यात गेला. डावा तर उघडाच होता! बिदरला डॉक्टरांनी तपासलं. उजव्याला काही झालं नव्हतं. दोन डोळ्यांच्या नंबरात लहानपणापासून मोठा फरक होता, म्हणून मेंदूनं स्वच्छ दिसणारा डोळा धरला आणि डावा सोडून दिला. बाहेरून दोन्ही सारखेच. मी समजत होतो, हातासारखाच डोळाही एक कामाचा आणि एक जोडीला असतो.

"लहानपणी कळलं असतं तर सुधारला असता. पण मनाला लावून घेऊ नका, हे पुष्कळ जणांत असतं," डॉक्टर म्हणाले.

मी भडकलो. "पुष्कळ जणांत असतंय, मग कुणालाच कसं कळंना?"

"एकेक डोळा झाकून बघितल्याशिवाय कळत नाही."

घरी आलो आणि चपला न काढताच पहिलीतल्या नातीला समोर उभं केलं. डावा डोळा झाकला, ती हसली. उजवा झाकला, तिनं माझा हात ढकलला.

"अप्पा, काढा की! दिसंना."

तिलाही बिदरला नेलं. चष्मा लागला, शिवाय दुबळ्या डोळ्याला बघायची सवय लागावी म्हणून रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. बायको आडवी आली. "पोरीला पट्टी? गाव आंधळी म्हणंल. उद्या सोयरीक कशी जमंल?"

"म्हणू दे. गावानं माझा डोळा बघितला व्हता का? पट्टी सुटायची न्हाई."

आता बाजारात ओळखीच्या माणसाबरोबर पोर दिसलं की मी त्याचाही डोळा झाकून बघतो. व्यापारी खिदळतात. "काय अण्णा, पोरांचा सौदा करायलाव का? दात बी बघा की!"

"घरी जाऊन आपापल्या पोरांचे डोळे झाका, मग हसा."

त्यातल्या दोघांना पोरं घेऊन बिदर गाठावं लागलं. ते आता हसत नाहीत.

संध्याकाळी नात पट्टी लावून उंबऱ्यावर बसते आणि मी अंगणातून बोटं दाखवतो. तिसऱ्याला भाव कळू नये म्हणून हीच बोटं सौद्यात मी जन्मभर रुमालाखाली लपवली. सुरुवातीला तिला जवळचीही धड कळायची नाहीत. आता मी बैलांच्या दावणीपर्यंत मागं सरकलोय. काल दावणीच्याही पलीकडं गेलो.

"तीन," ती म्हणाली. होती दोन.

"पुन्हा बघ."

"लबाडी करायलाव तुम्ही. पुढं या!"

मी एक पाऊल पुढं गेलो.

"दोन!"

"व्हय. पण उद्या पुन्हा मागं जाणार."

"न्हाई, इथंच!"

"मागंच," मी म्हणालो आणि बोटं बदलली.