रेडिओबाईची नात

कारखान्यात तिला सगळे रेडिओ म्हणायचे. मागाच्या शेडमध्ये सगळ्यात जास्त बडबड करणारी बाई ती, आणि तोंडातून आवाज म्हणाल तर एक नाही. हे कसं ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारीचं डोकं फिरलंय.

यंत्रमागाच्या शेडमध्ये ज्यांनी कधी पाय ठेवला नाही त्यांना त्या आवाजाची कल्पना यायची नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत माग, आणि सगळे एकदम खडखडतात. शेजारणीच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी तिला ऐकू जात नाही. म्हणून तिथल्या बाया हातांनी बोलतात, आणि ओठ नुसते मोठे मोठे हलवतात. घशातून आवाज काढून करायचं काय? धागा तुटला, जरा पाणी पिऊन येते, सासूने आज उच्छाद मांडला, सगळं हातांनी. मिशीला पीळ दिल्यासारखं केलं की समजायचं, मुकादम आला. रेडिओ तर चार माग पलीकडच्या बाईला अख्ख्या लग्नाची हकिकत ऐकवायची, आणि ती बाई पोट धरून हसायची. मी भिंतीपलीकडे घडीखात्यात होते. कापडाच्या घड्या घालताना आवाज होत नाही, त्यामुळे माझे कान शाबूत राहिले. तिचे गेले.

कान एकदम जात नाहीत. आधी दाराची घंटा गेली, मग कुकरची शिट्टी, मग माणसं. तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. लागला असता तरी अडत नव्हतं, कारण नवराही त्याच शेडमधला. नवराबायकोचं भांडणसुद्धा हातांनी चालायचं. त्यांचा मुलगा म्हणायचा, "मावशी, आईबाबांचं बिनसलंय हे मला भांडी आपटल्यावरच कळतं." त्यालाही लहानपणी सगळं यायचं. पुढे शाळेतली पोरं चिडवायला लागली तशी त्याला लाज वाटू लागली, आणि त्याने ते सोडून दिलं. आईशी बोलायचं तर मोठ्याने चार शब्द, तेवढ्यावर त्याचं भागायचं.

नवरा गेला आणि ही बाई भिंतीकडे तोंड करून निजली. आमची दारं समोरासमोर. मी रोज जाऊन बघायचे तर जेवण झाकलेलं तसंच. मला थोडंफार हातांनी बोलता येतं, पण माझं ते म्हणजे पाहुण्यांनी परक्या भाषेत 'बरं आहे ना' विचारावं इतकंच. मी खूप बडबडून बघितलं, दोनदा तर चांगली खडसावली. उपयोग शून्य. मला तेव्हा खरंच वाटलं होतं, ही काही आता उठत नाही.

मग नात झाली. मुलगा आणि सून दोन गल्ल्या सोडून राहायचे. तो माल पोचवायची गाडी चालवतो, ती औषधांच्या दुकानात काउंटरला उभी राहते. सुनेची रजा संपली तशी ती पोर घेऊन आली आणि चाचरत म्हणाली, "आई, जमेल का तुम्हाला?" जमेल का म्हणे! पोर मांडीवर आलं आणि बाई उठली. दुसऱ्या दिवशी मी गेले तर खिडक्या सताड उघड्या, फरशी पुसलेली, आणि रेडिओ चालू.

बाळ रडलेलं तिला कळणार कसं, ही मला धास्ती. पण तिने त्यावर आपला उपाय काढला होता. पोरगी झोपली की तिचा पाय मुठीत धरून बसायची. पाय हलला की हिला कळायचं. तशीच बसल्या बसल्या डुलकी काढायची, पण मूठ सुटली नाही. गुडघे सुजले, कंबरेने संप पुकारला, पाठीला पट्टा आला. मी चिडायचे. म्हणायचे, "अगं, जन्मभर राबलीस, आता नातवंडं सांभाळण्यात मरणार आहेस का?" तर हातांनी म्हणाली, "मरू दे. निदान कुणाशी तरी बोलत मरेन." आणि खोटं कशाला सांगू, ती मरायच्या ऐवजी टुणटुणीत झाली. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी अर्ध्यावर आणली. दोन वेळा पोटभर जेवायला लागली. संध्याकाळी बागेत तिला आणि पोरीला बघितलं की माझ्याच जिवाला बरं वाटायचं.

पोरगी तर पाळण्यातच बोलायला लागली. हातांनी, अर्थात. भूक, पाणी, कडेवर घे, तो बघ कुत्रा. पायावर उभी राहीपर्यंत तिला गप्पा मारता येत होत्या. संध्याकाळी आईची पावलं जिन्यात वाजली की ही तेवढीशी टिकली आजीकडे वळून मिशीला पीळ द्यायची. मुकादम आला! आजी तोंड दाबून हसायची. सून बिचारी विचारायची, "काय झालं हो मावशी?" मी म्हणायचे, "काही नाही गं, दात येतायत तिला."

पण तोंडाने ती बोलेना. तिच्या वयाची बागेतली पोरं नुसती किलबिल करत होती आणि हिच्या तोंडून 'आई'सुद्धा निघत नव्हतं. सुनेने तिला डॉक्टरकडे नेलं, मलाही सोबत घेतलं. कान तपासले, उत्तम निघाले. मग बोलण्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसभर हिच्याजवळ कोण असतं?" सुनेने सांगितलं. बाई भल्या होत्या, आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "हातांनी बोलते यात वाईट काही नाही, ते चालू राहू द्या. पण तिच्या कानावर बोलणं पडायला हवं. दिवसभर पडतच नाहीये." बाहेर येऊन सून बाकावर बसून रडली. "मावशी, आईंना मी हे कोणत्या तोंडाने सांगू?" लोक सुनांना नावं ठेवतात. मी त्या बाकावर होते, मी नाही ठेवणार.

शेवटी मुलानेच सांगितलं, समोर बसून, ओठ सावकाश हलवत. सकाळी पोरगी पाळणाघरात जाईल, चार मुलांत बसेल, गाणी ऐकेल. दुपारनंतर आजीकडे. कुणाचं काही काढून घेतलं नव्हतं हो. अर्धा दिवस तिचाच होता. ती मान डोलावत राहिली. मला वाटलं, निभावलं.

पहिल्याच दुपारी मी डोकावले तर काय बघते, पोरगी समोर उभी राहून हातांनी सांगतेय, तिकडे झोपाळा आहे, एका मुलाने मला ढकललं, मला भूक लागलीय. आणि ही खुर्चीवर बसलेली, दोन्ही हात मांडीखाली दाबून. नजर खिडकीबाहेर. पोरगी पुन्हा पुन्हा सांगत होती. मग तिने आजीचा हात ओढून बाहेर काढला आणि मुठीचं एकेक बोट उघडायला लागली. उघडलेलं बोट ही परत मिटायची. शेवटी पोर तिच्या गुडघ्यांवर डोकं आपटून रडायला लागली, त्याच सुजलेल्या गुडघ्यांवर.

मी तिला उचललं, खायला दिलं, आणि मग माझं तोंड सुटलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? हात बंद करा असं कुणी सांगितलं? डॉक्टरीणबाई उलट चालू ठेवा म्हणाल्या, मी स्वतः होते तिथे!" अर्धं हातांनी, अर्धं ओरडून.

तिने शांतपणे उत्तर दिलं. "धागा तुटला की अख्खा माग थांबवायचा. चालू ठेवून गाठ मारायला गेलं की सगळं कापड नासतं. माझ्याशी हातांनी भागतंय तोवर ती तोंड कशाला उघडेल?"

"अगं, ती पोर आहे, कापड नाही!"

"माझ्यामुळे मुकी राहिली असती," ती म्हणाली. हे तिने तोंडाने म्हटलं, त्या चिरक्या आवाजात, जो ती सहसा वापरत नसे. मग माझ्याकडे पाठ केली. तिच्याशी भांडण्यातली ही एक मोठी पंचाईत, पाठ केली की आपण हरलो.

मी मुलाला सांगितलं, सुनेलाही सांगितलं. त्यांनी समजावून बघितलं. पण हिने एकदा ठरवलं की ठरवलं, कारखान्यात मालकालासुद्धा ती बधली नव्हती. पोरगी काही दिवस रडली, मग नुसती कोपऱ्यात बसू लागली, मग तिकडे यायलाच नको म्हणून आईच्या पायांना मिठी मारू लागली. सून म्हणाली, दोघींनाही त्रास कशाला, दुपारीही पाळणाघरातच राहू दे. झालं. राहिला फक्त रविवार.

आणि पोरगी बोलायला लागली! अशी लागली की थांबेना. घरात पेढे वाटावेत इतका आनंद. मला जिन्यातून हाक मारायची, "मावशीआजी, मी आले, माझे बूट बघ!" रेडिओला मी जाऊन सांगितलं. तिचा चेहरा असा खुलला, असा खुलला, की मी क्षणभर म्हटलं, बाईचंच बरोबर असेल. मग तिने मला विचारलं, "आवाज कसा आहे तिचा?" काय सांगणार? मी म्हटलं, "गोड आहे, तुझ्या मुलाच्या लहानपणच्या आवाजासारखा." तिला तोही आवाज नीट आठवत नव्हता.

मुलाने कानाचं यंत्र आणलं, महागाचं. ते लावलं की तिला नुसता खडखडाट ऐकू यायचा. ओठ वाचायचे म्हटलं तर लहान पोर तोंड एका जागी ठेवतंय होय? उड्या मारत, खाताखाता, पाठ फिरवून बोलणार. आजी आपली या चेहऱ्याकडून त्या चेहऱ्याकडे बघत बसायची आणि सगळे हसले की हसायची. रक्तदाबाची गोळी पुन्हा पूर्ण झाली, वर आणखी एक लागली. बाग सुटली. सोमवारी मी जाते तर ही भिंतीकडे तोंड करून असते, आणि मला कधीकधी इतका राग येतो की खांद्याला धरून गदागदा हलवावंसं वाटतं.

गेल्या रविवारी तिला राहवलं नाही. पोरगी समोर रंग घेऊन बसली होती. हिने मांडीवरचे हात उचलले आणि विचारलं, "भूक लागली का?" त्यांच्यातलं अगदी पहिलं बोलणं ते. पोरगी बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी काय करते?"

सगळं विसरली होती. लहान पोर, तिचा काय दोष? मी म्हटलं, "आजी विचारते, भूक लागली का?"

"नाही लागली, सांग तिला," ती मला म्हणाली. मी आजीला हातांनी सांगितलं. आपल्याच नातीशी बोलायला तिला मी मध्ये लागत होते. तिने मान डोलावली आणि आणखी विचारलं, मी सांगत गेले, पोरगी उत्तरं देत गेली, आणि हळूहळू तिला या खेळाची गंमत वाटायला लागली. मला वाटलं, चला, काहीतरी सुरू होतंय.

तेवढ्यात खालून तिच्या बापाने हाक मारली. पोरीने रंग गोळा केले, बूट घातले, दारापर्यंत गेली, आणि परत येऊन माझ्या कानाशी लागली.

"मावशीआजी, तिला विचार ना, ती माझ्यावर का रागावली होती?"

"रागावली? कधी गं?"

"खूप आधी. मी बोलायचे आणि ती बघायचीच नाही. मी काय केलं होतं?"

माझे हात वर झाले आणि तिथेच थांबले. हे मी कसं सांगायचं? पण सांगावं लागलंच नाही. पोरगी नेमकी आजीकडे तोंड करून उभी होती आणि शब्द सावकाश उच्चारत होती. आजीने ओठांवरून सगळं वाचलं. ती खुर्चीतून उठायला गेली, गुडघ्यांनी साथ दिली नाही, तशीच अर्धी उठून तिने दोन्ही हात पुढे केले आणि मान हलवायला लागली. नाही, नाही, नाही. खालून पुन्हा हाक आली आणि पोरगी "येते!" म्हणून जिन्यावरून पळाली. मी गॅलरीत गेले, ओरडले, पण गाडी सुरू झाली होती. आत आले तर ती उघड्या दाराकडे बघत अजून मान हलवत होती.