उभा हिस्सेदार

मध्याह्नीचा नैवेद्य आटोपल्यावर सौंदडच्या आमच्या मंदिरात एक अनोळखी वृद्ध शेतकरी आले. मोबाइलला रेंज येथेच मिळते, असे त्यांना कोणी सांगितले होते. स्वच्छ धोतर, डोक्यावर फेटा. रस्त्यात गेलेल्या शेताच्या मोबदल्यातून त्यांनी घरे बांधणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले होते आणि तिची वार्षिक सभा मोबाइलवर भरणार होती. शेअर ठेवावेत की विकावेत, हे ती ऐकून ठरवायचे होते.

"बसून ऐका," मी म्हटले.

"आमच्या गावी तलावाच्या पान्याच्या सभेत हिस्सेदार उभा राहूनच इचारते, महाराज."

अध्यक्षांनी अहवाल वाचला: घरांची विक्री वाढली, नफा मात्र घटला. वृद्धांनी मोबाइलसमोर हात जोडले. "साहेब, घरं इकली तं पैसा कुठं अटकून राहिला?"

सभा तशीच पुढे सरकली. आपला आवाज तिकडे पोहोचत नाही, हे मी त्यांना हळूच सांगितले.

"मंग चिठ्ठी लिहून इचारतो. जवाब येतपर्यंत शेअर इकत नाही. इकल्यावर कोन्या तोंडानं इचारू?"

बंद गाभाऱ्यापुढे जोडलेले हात मी जन्मभर पाहिले. उत्तराचा हक्क न सोडता जोडलेले हात त्या दुपारी प्रथमच पाहिले.